माधवरावांनी सांगितलेली बातमी

माधवराव घैसासांना घाबरायला कारण लागत असे, असं नाही. सरकारी पाकीट आलं की ते आधी उजेडात धरून बघत. दारावर थाप पडली की स्वयंपाकघरातूनच ‘कोण आहे?’ विचारत, आणि उत्तर आलं तरी पुन्हा एकदा विचारत. पण एक्क्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात, चंदीगडला लेकीकडे आल्यावर दुसऱ्याच सकाळी, त्यांना घाबरायला चांगलं सबळ कारण मिळालं.

चहा घेऊन ते फिरायला निघाले होते. केंद्र सरकारच्या कचेरीत नोकरी करत याच शहरात त्यांनी चौदा वर्षं काढलेली, त्यामुळे पायांना रस्ते पाठ होते. पाय आपोआप स्केटिंग रिंककडे वळले. पूर्वी तिथं उघड्यावर नुसती सिमेंटची फरशी होती. आता भोवती कठडा होता, बाजूला पक्कं बांधकाम होतं, आणि त्या बांधकामाच्या काचेच्या दारावर पाटी होती : ‘नैना माधव गॅलरी’.

काचेच्या आत, जमिनीपासून छतापर्यंत, त्यांची स्वतःची मुलगी उभी होती. वय वर्षं अठरा. गुडघ्याच्या वर संपणारा फ्रॉक, पायात चार चाकांचे बूट, एक पाय मागे थेट डोक्याच्या उंचीवर, दोन्ही हात पसरलेले, आणि चेहऱ्यावर हसू. माधवरावांनी कठडा धरला, नाहीतर ते तिथंच बसले असते.

मुलीचं नाव नयना माधव घैसास. आपल्याकडे मुलीच्या नावापुढे बापाचं नाव आणि मग आडनाव, हे पंजाब्यांना काय माहीत? पहिल्या स्पर्धेच्या फॉर्मवर कोचने दोनच नावं लिहिली आणि माधव हेच तिचं आडनाव झालं. माधवरावांनी दुरुस्ती सुचवली नाही. बापाचं नाव गावभर गाजत असताना कोण तक्रार करील? पहाटे पाचला सायकलवर मागे बसवून ते तिला रिंकवर न्यायचे, अंगावर शाल घेऊन बाहेर थांबायचे. बर्फ नाही, सिमेंटच; पण गिरक्या त्याच, उड्या त्याच. तीन वर्षं ओळीने ती राष्ट्रीय विजेती झाली. भाजीवाला मूठभर मटार जास्त घालायचा आणि म्हणायचा, ‘नैना बिटिया के लिए.’

मग बहात्तर साली ती पडली आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पुढच्या वर्षी स्थळं बघायला सुरुवात केली, तर चार ठिकाणांहून नकार आला. एकाला फ्रॉक खटकला, एकाला गुडघा, आणि उरलेल्या दोघांना दोन्ही. पाचवं स्थळ सांगलीच्या सोवन्यांचं. मुलगा हेरंब, केंद्र सरकारात, निर्व्यसनी. या वेळी माधवरावांनी तोंडाला कुलूप लावलं. कप, फोटो, बूट सगळं एका ट्रंकेत भरून कोचच्या घरी टाकून आले. देवघरासमोर बसवून मुलाच्या आईने, रत्नप्रभाबाईंनी, सरळ विचारलं, ‘मुलीचं काही आजारपण, मोडतोड, आणखी काही सांगण्यासारखं?’ माधवराव म्हणाले, ‘छे, छे. घरकामाची आवड आहे तिला.’ रत्नप्रभाबाई म्हणाल्या, ‘ठीक. आमच्याकडे खोटं चालत नाही. खोटं निघालं, तर मुलगी परत तुमच्या दारात येईल.’

ते वाक्य माधवराव आठ वर्षं उराशी घेऊन जगले होते. लग्नात हेरंबने ताटातल्या तांदळात अंगठीने ‘सुनंदा’ लिहिलं, आणि नयना माधव नावाचं माणूस पृथ्वीवर शिल्लकच राहिलं नाही. माधवरावांना त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं होतं. निवृत्त होऊन ते वाईला गेले, बायको वारली, आणि मे महिन्यात जावयाची बदली नेमकी चंदीगडला झाल्याचं पत्र आलं, तेव्हापासून पुन्हा जेवण गोड लागेना. शहर विसरलं असेल, असं ते स्वतःला समजावत होते. शहर कसलं विसरतंय!

खरं तर त्यांनी तिथूनच पाठ फिरवायला हवी होती. पण आत काय काय आहे ते बघितल्याशिवाय घाबरायचं तरी किती, हे कसं कळणार? ते दार ढकलून आत गेले.

‘आइए अंकलजी, आइए!’ पंचविशीचा एक सरदारजी लगबगीने पुढे आला. रिंकचा सेक्रेटरी, कुलवंत सिंग. लहानपणी फरशीच्या कडेला बसून तो नैनाला बघत असे. शाल गुंडाळून सायकलपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाकडे तेव्हा कोण बघतंय? त्याने माधवरावांना ओळखलं नाही. ‘ये हमारी नैना है जी. पूरे शहर की बेटी. कोचसाहब गुज़र गए, तो उनके घर से ट्रंक निकला. सब सामान उसी का है. ये बूट देखिए!’

माधवरावांनी बूट बघितले. नाड्या त्यांनीच बांधलेल्या असत.

भिंतीवर शेवटी एक चौकट रिकामी होती. कुलवंतने तिच्याकडे बोट दाखवलं. ‘अब कहाँ हैं, किसी को पता नहीं. सातारा तक चिट्ठी भेजी. जवाब आया, माधव नाम का कोई खानदान ही नहीं है यहाँ. पर हम ढूँढ लेंगे. इस इतवार को अख़बार में बड़ी फोटो दे रहे हैं. नैना कहाँ है? इतना लिखेंगे, बस.’

‘कौनसे अख़बार में?’ माधवरावांनी विचारलं, आणि उत्तर आलं तरी पुन्हा एकदा विचारलं. तोच पेपर हेरंब रोज चहाबरोबर वाचत असे. इंग्रजी येत नसलं तरी रत्नप्रभाबाई चष्मा लावून त्यातले फोटो बघत. रविवारी सकाळी, साडेसातला, लेकीचं बिंग तिच्या सासूच्या मांडीवर उलगडून पडणार होतं.

‘मत दीजिए,’ ते म्हणाले.

‘क्यों जी?’

‘मैं उधर का ही हूँ. जानता था उन लोगों को.’ आता मागे फिरायला वाट नव्हती. ‘वो... नहीं रही.’

कुलवंतचं तोंड उघडंच राहिलं. ‘कब?’

‘चौहत्तर में.’

‘कैसे?’

खोट्याला पाय नसतात, ते आपल्यालाच लावावे लागतात. चाळीस वर्षांपूर्वी माधवरावांची धाकटी बहीण गेली होती, तीच त्यांच्या जिभेवर आली. ‘बच्चा होते समय.’

‘और उनके पिताजी?’

‘वो भी गए,’ माधवराव म्हणाले, आणि एका दमात स्वतःलाही संपवून मोकळे झाले.

कुलवंत स्टुलावर बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. माधवरावांना त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही. ‘तो फिर वो फोटो, अख़बार में...’ ते चाचरत म्हणाले. कुलवंतने डोळे पुसत मान हलवली. ‘नहीं जी. अब कहाँ है, ये किससे पूछेंगे?’

घरी येताना माधवरावांना हलकं वाटत होतं. लेकीचा संसार वाचला होता. वाटेत त्यांनी नात मनूसाठी पेरू घेतले.

दुपारी पानात केशर घातलेला शिरा पडला. ‘आज गोड कसं काय?’ माधवरावांनी विचारलं.

रत्नप्रभाबाई वाढता वाढता हसल्या. गोऱ्या, ताठ कण्याच्या बाई, सहसा हसत नसत. ‘तीन महिने पुरे व्हायची वाट बघत होते, माधवराव. त्याआधी बोलू नये. काल पुरे झाले. सुनंदाला दिवस गेलेत. त्यासाठीच तर तुम्हाला बोलावून घेतलं.’

शिरा घशात अडकला. ठसका एवढा लागला की हेरंबला उठून त्यांच्या पाठीवर थोपटावं लागलं.

वास्तू तथास्तु म्हणते. माधवरावांची आई दिवसातून दहादा बजावायची, वाईट काही बोलू नये रे, वास्तुपुरुष ऐकत असतो, केव्हा तथास्तु म्हणेल नेम नाही. आणि माधवराव सकाळी आपल्या जित्याजागत्या, पोटुशी लेकीबद्दल काय बोलून आले होते? ते मनाला समजावायला बघत होते, की ते शब्द या घरात उच्चारले नाहीत, रिंकवर उच्चारले. पण रिंकलाही आता भिंती होत्या, छत होतं. तिथंही वास्तू असणारच. शिवाय ज्या मुलीबद्दल बोललो, ती तिथं भिंतीभर उभी होती.

त्या दिवसापासून माधवराव लेकीच्या मागे मागे फिरू लागले. तिने बादली उचलली की हातातून ओढून घ्यायची. जिना उतरायला लागली की दोन पायऱ्या पुढे उतरायचं, म्हणजे पडलीच तर अंगावर पडेल. ती शिंकली तरी यांचा चेहरा पांढरा.

‘बाबा, मला झालंय काय?’ शुक्रवारी अंगणात कपडे वाळत घालताना सुनंदा म्हणाली. ‘मनूच्या वेळी मी नवव्या महिन्यापर्यंत सगळं करत होते.’

‘आजोबा डर गए हैं,’ मनू म्हणाली. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तरं हिंदीत.

मनू खेळायला पळाल्यावर माधवरावांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. ‘तू तिकडे... रिंककडे जातेस का कधी?’

सुनंदाचा हात दोरीवरच थांबला. तिच्या चेहऱ्यावर कसलंसं हसू येऊ पाहत होतं. ‘तुम्ही बघितलंत? बाबा, मला तुम्हाला केव्हापासून सांगायचं होतं...’

‘हळू! विहीणबाई आत आहेत.’

‘असू देत. बाबा, ऐका तरी, ह्यांना...’

‘एक शब्द बोलू नकोस,’ माधवराव म्हणाले. त्यांनी तिचं मनगट धरलं. ‘माझी शपथ आहे तुला. त्या बाजूला फिरकू नकोस, त्या माणसांशी बोलू नकोस.’

सुनंदाने त्यांच्या हाताकडे बघितलं, मनगट सोडवून घेतलं आणि पुढचा कपडा दोरीवर टाकला. बाप म्हातारा झाला, असं तिला वाटलं असावं.

रविवारी सकाळी पेपर पडल्याचा आवाज झाला, तेव्हा माधवराव दारातच उभे होते. त्यांनी घाईघाईने पानं उलटली. ‘नैना कहाँ है’ कुठंच नव्हतं. कुलवंतने शब्द पाळला होता. त्यांनी सुस्कारा सोडला, शेवटचं पान उलटलं, आणि काळ्या चौकटीत त्यांची लेक त्यांच्याकडे बघत होती. खाली इंग्रजीत होतं : चंदीगडची लाडकी विजेती नैना माधव आता आपल्यात नाही. शोकसभा आज दुपारी चार वाजता, रिंकवर. सर्वांनी यावं.

माधवरावांनी पेपरची घडी केली आणि बनियनच्या आत पोटाशी खुपसली. ‘आज पेपरवाला आला नाही वाटतं,’ ते जावयाला म्हणाले. जन्मात त्यांनी इतकं सफाईने कधी काही म्हटलं नव्हतं. पण शहरात हजारो घरांत पेपर पडतो, पोटाशी किती धरणार? साडेआठला वरच्या मजल्यावरच्या मिसेस बेदी लाल डोळ्यांनी खाली आल्या. हातात पेपर होता.

‘सारे शहर दी धी सी, भैणजी,’ त्या म्हणाल्या. साऱ्या शहराची लेक होती.

रत्नप्रभाबाईंनी चष्मा लावला. छापील ठिपक्याठिपक्यांचा छोटा चेहरा, दोन वेण्या, पंधरा-सोळाचं वय. माधवराव विहीणबाईंच्या बोटाकडे बघत होते. बोट चेहऱ्यावरून फिरलं आणि पुढे गेलं. ‘अरेरे! केवढीशी पोर,’ त्या म्हणाल्या. ‘मी जाईन. सुखाला बोलावल्याशिवाय जाऊ नये, पण दुःखाला बोलावण्याची वाट बघू नये. सुनंदा, तू मात्र घरीच थांब. दिवस गेलेल्या बाईने अशा जागी पाऊल टाकू नये.’

‘हो, हो! तिने नकोच,’ माधवराव म्हणाले.

सुनंदा पदराला हात पुसत बाहेर आली. तिने मिसेस बेदींच्या हातातून पेपर घेतला आणि उभ्याउभ्या वाचला. खांद्यावरून हेरंबनेही वाचला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. माधवरावांनी ते पाहिलं, पण भीतीने डोकं इतकं भरलेलं होतं की त्याचा अर्थ लावायला जागाच नव्हती.

‘आई, मी येणार,’ सुनंदा म्हणाली. ‘मी येणारच.’

आठ वर्षांत ती सासूशी या आवाजात बोलली नव्हती.

चार वाजता रिंकवर चारपाचशे माणसं होती. सिमेंटवर सतरंज्या, पांढऱ्या ओढण्या, पांढऱ्या पगड्या. मोठा फोटो बाहेर आणून टेबलावर उभा केला होता, त्याला झेंडूचा जाड हार होता, पुढे उदबत्त्या जळत होत्या. स्केटिंग शिकणाऱ्या मुली बूट हातात घेऊन ओळीने उभ्या होत्या, त्यांतल्या दोघी रडत होत्या. त्यांच्या जन्माच्या सुमाराला नयना खेळत होती, तरी रडत होत्या. माधवराव एका खांबाआड उभे राहिले. पळून जावंसं वाटत होतं, पण लेकीला तिथं सोडून जाववेना.

फुलं वाहणाऱ्यांची रांग पुढे सरकत होती. रत्नप्रभाबाई, मागे सुनंदा, मागे हेरंब. रत्नप्रभाबाई फोटोपाशी पोचल्या, फूल उचललं, आणि वर बघितलं. हा फोटो ठिपक्यांचा नव्हता. त्या बघतच राहिल्या. मग त्यांनी मान वळवून सुनेकडे बघितलं, मग पुन्हा फोटोकडे. फूल हातातच राहिलं.

संपलं, माधवराव मनात म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा सुनंदा टेबलापाशी होती. टाचा उंचावून तिने स्वतःच्या फोटोवरचा हार काढला आणि उदबत्त्या विझवल्या. ‘भाईसाहब,’ ती कुलवंतला म्हणाली, ‘मैं ही नैना हूँ. ज़िंदा हूँ.’

कुलवंतने तिच्याकडे बघितलं. अंगाने भरलेली, नऊवारीतल्या सासूची पाचवारीतली सून. मग ती हसली, आणि त्याने हंबरडाच फोडला. एकच गलका झाला. मिसेस बेदींनी सुनंदाला छातीशी धरलं, मुली बूट टाकून धावल्या, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी वाहेगुरूचं नाव घेतलं.

रत्नप्रभाबाई त्या गर्दीत नव्हत्या. त्या सरळ खांबापाशी आल्या. ‘बाहेर या, माधवराव. मी तुम्हाला देवासमोर विचारलं होतं.’

माधवरावांनी हात जोडले. ‘विहीणबाई, चूक माझी. सगळी माझी. तिला परत पाठवू नका. तिचा काही दोष नाही हो.’

‘बाबा, मला माहीत आहे,’ मागून हेरंब म्हणाला. सुनंदाला गर्दीतून सोडवून तो तिला घेऊन आला होता, कुलवंत मागोमाग होता. ‘लग्नानंतर आठ दिवसांत हिने सगळं सांगितलं. गुडघ्यावरची एवढी खूण नवऱ्यापासून लपते होय? ऑगस्टमध्ये आम्ही दोघं हे दालन बघूनही गेलो, लांबूनच. आईलाच सांगायचं राहिलं होतं.’

‘म्हणजे घरात परकी मी एकटी,’ रत्नप्रभाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज दुखावलेला होता. त्यांनी पुन्हा एकदा फोटोकडे बघितलं. मग सुनेला म्हणाल्या, ‘पाय एवढा वर? आणि पडली नाहीस?’

‘पडले ना, आई. म्हणून तर गुडघा.’

रत्नप्रभाबाईंना हसू आवरलं नाही. ‘घरी चल, मग बघते तुझ्याकडे,’ त्या म्हणाल्या, आणि त्यात धमकी नव्हती. माधवरावांना ते स्पष्ट ऐकू आलं. आठ वर्षं जे होईल म्हणून ते झुरत होते, ते झालं होतं, आणि काहीच झालं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही हसायला लागले.

‘पण मी गेले, हे यांना सांगितलं कुणी?’ सुनंदा म्हणाली, आणि कुलवंतकडे वळली. ‘आपसे किसने कहा?’

कुलवंतने बोट केलं. ‘इन अंकलजी ने. बुधवार को आए थे. बोले, उधर के ही हैं, आपको जानते थे.’

‘ये मेरे पिताजी हैं,’ सुनंदा म्हणाली.

‘पिताजी?’ कुलवंत गोंधळला. सरळ माणूस होता, जे ऐकलं होतं ते त्याने सांगितलं. ‘पर इन्होंने तो कहा, चौहत्तर में गुज़र गईं. बच्चा होते समय.’

ते रत्नप्रभाबाईंनाही समजलं. तेवढं हिंदी कुणालाही समजतं.

सुनंदाचा हात पोटावर गेला. ‘बाबा?’ ती म्हणाली. नाही म्हणा, खोटं आहे म्हणा, असा तो आवाज होता.

माधवरावांना सांगायचं होतं की पेपर रविवारी येणार होता, की दिवस गेल्याचं तेव्हा माहीत नव्हतं, की भीती तिच्याच संसाराची वाटत होती. तिला परगावी सोडताना डोक्यावर हात ठेवायचे, तसा हात पुढे करून ते एक पाऊल पुढे आले.

सुनंदा दचकली आणि मागे सरली. सासूच्या पाठीशी जाऊन तिने त्यांचा पदर मुठीत घट्ट धरला. ती बापाकडे बघत होती, आणि ती घाबरलेली होती.

रत्नप्रभाबाईंनी एक हात मागे नेऊन तिला आड घेतलं.

‘तिथंच उभे राहा, माधवराव,’ त्या म्हणाल्या. ‘पुढे येऊ नका.’